मधल्या गड्याची जागा

कापणी सुरू झाली की लाइल व्होंद्राचेकच्या कानात, भुवयांत, बुटांत मक्याची धूळ बसायची. सोसायटीच्या धान्यकोठारावर ट्रक रिकामे करून घ्यायचं त्याचं काम. पाळीवर जाण्याआधी तो डोरीनच्या कॅफेत कॉफीला टेकायचा. पण यंदा त्याला तिथे जाणंच नको झालं होतं.

कारण त्याचा मुलगा वेस्टन. क्लिअर फोर्क कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो बचावाच्या पुढच्या ओळीत, अगदी मधोमध उभा राहायचा. समोरचे दोघे हेल्मेटसकट अंगावर आदळले तरी जागचं हलायचं नाही, हे त्याचं काम, आणि ते त्याने तीन वर्षं इमानाने केलं होतं. यंदा बचावाला नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी मांडणीच बदलली. रेटा सोसणारे गडी नकोत, फटीतून उसळून आत घुसणारे हवेत. पहिले दोन्ही सामने संघ हरला आणि गावाला दुसरा विषय उरला नाही.

त्या सकाळी लाइल आत शिरला तेव्हा न्हावी मर्व्हने मीठ-मिरीच्या डब्या मांडून टेबलावर अख्खी बचावफळी उभी केली होती. मधोमध सॉसची बाटली होती. "ही भिंत आहे, मान्य," मर्व्ह सांगत होता, "पण समोरचे वळसा घालून जातायत. मग भिंत काय चाटायचीय?"

लाइल दिसताच त्याने बाटली गुपचूप बाजूला सरकवली.

"थांबलास का? बोल की," लाइल खुर्चीत बसत म्हणाला.

"काही नाही रे, हवापाण्याचं चाललं होतं," म्हातारा डेलबर्ट म्हणाला. त्याने सारा जन्म शाळेची बस चालवली होती. वेस्टनला लहानपणी रोज तोच न्यायचा.

"सॉसच्या बाटलीचं हवापाणी?"

कुणी हसलं नाही. मर्व्हने बाटली पुन्हा मधोमध ठेवली. "सरळ विचारतो, लाइल. टेक्सासहून आलेला तो चपळ पोरगा की वेस्टन? तू कोणाला उतरवशील?"

लाइल आदल्या रात्री उशिरापर्यंत ट्रक रिकामे करून, जेमतेम डुलकी काढून आला होता. डोळे चुरचुरत होते. "टेक्सासच्या पोराला," तो म्हणाला. "माझ्या पोराला हलायला वेळ लागतो."

डेलबर्टने कप खाली ठेवला. "अरे, पोटच्या पोराबद्दल असं बोलतात का?"

"तुम्ही आठवडाभर दुसरं काय बोलताय?" लाइल उठला. कॉफी तशीच राहिली.

दिवसभर ट्रक येत राहिले आणि ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. गाव लहान, आज ना उद्या पोराच्या कानावर जाणारच. रविवारी बायकोने, जनेलने, जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, डब्यात घालून दिले आणि तो गाडी काढून कॉलेजला गेला.

वेस्टन वसतिगृहाच्या पायरीवर बसला होता. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. डबा उघडून त्याने दोन कोलाचे सलग खाल्ले.

"कॅफेत मी एक बोलून बसलो," लाइलने सुरुवात केली.

"कळलं मला. मर्व्हकाकाच्या पुतण्याने लगेच फोन केला."

"राग आला?"

"आला ना. मग हायसं वाटलं." वेस्टन बोटांवरची साखर पुसत राहिला. "बाबा, मी आधीच कोचना सांगितलंय, त्या पोराला उतरवा म्हणून. मांडणीचं सोड, ती मी शिकलो असतो. गुडघाच संपलाय. जिना उतरताना कठडा धरावा लागतो मला."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"तू गावात कसं तोंड दाखवशील, असं वाटलं."

"माझं तोंड बघायला कोण बसलंय रे?" लाइल म्हणाला. त्याने पोराच्या भल्यामोठ्या पाठीवर हात ठेवला आणि घसरलेली बर्फाची पिशवी गुडघ्यावर नीट बसवली.

पुढच्या सामन्यात टेक्सासचा पोरगा खेळला. पहिल्या अर्ध्यात त्याने धमाल उडवली, दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी त्याला दाबून दाबून मागे नेलं. वेस्टन कडेला उभा राहून घसा फोडून त्याला पाय कुठे रोवायचे ते सांगत होता. संघ हरलाच. बाहेर पडताना मर्व्हने गर्दीतून लाइलला गाठलं. "मी म्हणत होतो की नाही? मध्ये वेस्टनच हवा होता!"

लाइलला त्याच्याशी वाद घालायचंही त्राण नव्हतं. त्याने नुसती मान हलवली.

परतीच्या वाटेवर जनेल गाडी चालवत होती. तिने विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय. तुला?"

"मला आज पहिल्यांदा कळलं की चेंडू कुठे जातो," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी नुसती वेस्टनच्या पायांकडे बघत होते, पडला की धड उठतोय ना म्हणून."