श्रुतिकाचं चौथं वर्ष

नाहूरला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक माझं, दुसरं चंद्रप्रकाश परबचं. परब औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर, मूळचा कणकवलीकडचा. माणूस सरळ, पण देवीला विचारल्याशिवाय फ्रिजसुद्धा घेत नाही. तो गावी चुलतभावाला फोन करतो, भाऊ देवळात जाऊन गुरवाला कौल लावायला सांगतो. मूर्तीला चिकटवलेलं उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. बारा वर्षं मी यावरून त्याची टिंगल करतोय, त्याच्यावर काडीचा परिणाम नाही.

त्याची मुलगी श्रुतिका मुलुंडच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीला. तीन वर्षं संपली, पदवी हातात येणार होती. आता नव्या नियमाने चौथं वर्ष केलं की ऑनर्स मिळतो, संशोधनही करता येतं. तिच्या मॅडम म्हणाल्या, मार्क चांगले आहेत, खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंवर काम कर. पोरगी हरखून गेली. इकडे परबने ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिची नोकरी पक्की करून ठेवलेली. तीन वर्षांत पदवी मिळते तर चौथं कशाला, हा त्याचा सवाल. तेव्हा मलाही तो पटला होता, याची आज लाज वाटते.

घरात रोज जुंपायला लागली. शेवटी कौल लावायचं ठरलं आणि श्रुतिकाही कबूल झाली. त्या देवीवर बापाइतकीच तिचीही श्रद्धा. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी गावाहून फोन आला. मी परबकडेच चहा पीत बसलो होतो. परब गॅलरीत जाऊन बोलला आणि आत येऊन कोणाकडे न बघता म्हणाला, डावा.

कौल मोडायची त्या घरात रीतच नाही. श्रुतिकाचे डोळे भरले. मला वाटलं, संपलं सगळं. मग ती उठली, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि बॅग खांद्याला लावली.

"बाबा, देवीची माफी मागितलीय मी," ती म्हणाली. "पण फॉर्म भरणार. चुकलं तर माझं मी बघेन."

ती दाराबाहेर पडली. परबला दरदरून घाम फुटला. मला आधी काही कळेना. तो अनवाणी जिन्यापर्यंत धावला आणि एरवी फक्त गावच्या माणसांशी बोलतो त्या मालवणीत म्हणाला, "थांब गो. देवीन उजवोच दिल्यान. मीच खोटा बोललंय."

उभ्या जन्मात मी त्या देवीची बाजू घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली आणि परबला चार शब्द सुनावले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

श्रुतिका चार पायऱ्या खाली उभी होती. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. तिने डोळे पुसले आणि ती चक्क हसली.

"उजवा काय, डावा काय," ती म्हणाली, "मी निघालेच होते ना, बाबा."