आठ नंबरची कॅसेट

"कोण म्हणालं?" चष्मा कपाळावर सरकवून सर विचारायचे. आमच्या हॅम्बर्गच्या इमारतीत तुम्ही नुसतं "पाऊस येणार" म्हटलंत तरी हाच प्रश्न.

मी म्हणायचो, "सर, खिडकीबाहेर बघा!"

"आल्झो, म्हणजे खिडकी. साक्षीदार नोंदवला."

सर मूळचे पुण्याचे. इथल्या विद्यापीठात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. विषय महायुद्धानंतरची अमेरिका, पण राष्ट्राध्यक्षांत त्यांना रस नव्हता. नव्या उपनगरांत ज्यांना कातडीच्या रंगामुळे घर नाकारलं गेलं, त्या माणसांच्या मुलाखती त्यांनी वर्षानुवर्षं कॅसेटवर घेतल्या. ती माणसं आता बहुतेक गेली. "माझ्याकडे मेलेली माणसं बोलतात," असं ते जिन्यात मोठ्यांदा सांगत.

"हळू, सर! खालच्या बाई पोलीस बोलावतील."

कॅसेटची खोकी तळघराच्या सामायिक बोळात होती. जर्मनीत बोळात सामान ठेवणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. सर इस्पितळात गेले आणि त्याच आठवड्यात दारावर नोटीस लागली: शुक्रवारी बोळ रिकामा करणार. सरांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "खोकी वर आण रे. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय."

आणतो म्हटलं. आठवडाभर मी मित्राच्या पन्नाशीसाठी नकला बसवत होतो. हशा भरपूर मिळाला. शनिवारी खाली गेलो, तर बोळ झाडूनपुसून लख्ख.

"आणलीस?" सरांनी विचारलं.

"आणली."

"मग आठ नंबर ऐक. धुणीभांडी करणारी एक बाई आहे. घरांच्या दलालानं दारातूनच परत पाठवलं, ते सांगते. नेमकं काय म्हणाली ते उद्या सांग. अंदाजानं मी लिहिणार नाही."

तुम्ही मला ओळखता. सोंग मला जमतं. दुसऱ्या दिवशी पलंगाशेजारी बसून मी ती बाई उभी केली. ती आधी हसली, मग दलालाची नक्कल केली, मग मध्येच गप्प झाली. सरांचे डोळे भरून आले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "अशीच बोलायची. लिहून घे, तिच्याच शब्दांत."

मी लिहून घेतलं. चार दिवसांनी सर गेले.

विद्यार्थ्यांनी पुस्तक छापलं. शेवटच्या प्रकरणात ती बाई बोलते, खाली टीप आहे: कॅसेट क्रमांक आठ. आभारात माझं नाव आहे, सरांच्या कॅसेट जपणारा शेजारी म्हणून.

परवा अमेरिकेहून माझ्या नावावर पत्र आलं. त्या बाईच्या नातीचं. आजीचा आवाज घरात कुणाकडेच नाही, लिहिते. एकदा ऐकायला मिळेल का?

सरांनी त्याच दिवशी उत्तर टाकलं असतं.