लक्ष्मीचा ब्रश

आमच्या घरात ब्रश कधीच फेकला जात नाही. दातांवरून निवृत्त झाला की त्याला लगेच पुढची नोकरी लागते. आधी कंगवा, मग नळ, मग कूलर, आणि शेवटी मोटारसायकलची चेन! हा नियम माझा. (बायको याला चिकटपणा म्हणते. माणसाला कदर नसली की असं होतं.)

त्या साली महालक्ष्म्या पहिल्यांदाच मानवतला माझ्या घरी बसणार होत्या. आई राणीसावरगावहून पितळी मुखवटे घेऊन आली, तिच्या सासूनं दिलेले. आल्या आल्या बजावलं, "संध्याकाळी आवाहन हाय. काई चुकलं तर पुढल्या साली थोरल्याकडंच बसवीन!"

बायको उद्याच्या नैवेद्याच्या सोळा भाज्यांत गळ्यापर्यंत बुडालेली. मी म्हणालो, "मुखवटे मी घासतो."

"तुमी?" तिच्या हातातला दोडका तसाच राहिला.

वर्षातून एकदा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाला जेवढा माज येतो, तेवढा मला आला. आईनं दिलेली चिंच मी बाजूला सारली. माझा जुना ब्रश घेतला (चेनीला अजून लागला नव्हता, शपथ!), वर टूथपेस्ट, आणि दे दणादण! ज्येष्ठा अशी चकाकली की तिच्यात मला माझंच तोंड दिसलं. मग बघतो तर काय, तिचे डोळेच गायब! रंगवलेली बुबुळं, भुवया, सगळं बादलीत! (कनिष्ठेला मग मुकाट्यानं चिंचच लावली.)

मी बायकोला हळूच हाक मारली. "आईला सांगू नको."

"मी कशाला सांगू? त्या बघतीलच की. देवीलाच दिसायचं न्हाई आता."

पोरीचं आयलायनर ढापून मी स्वतः डोळे काढले. एक डोळा दाराकडं बघायला लागला, दुसरा स्वैपाकघराकडं.

संध्याकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. मुखवटे सुपात ठेवले. आईनं मान तिरकी केली, सरळ केली, आणि आपल्या मोतीबिंदूवर खापर फोडून हळदीकुंकवाला लागली.

शेजारच्या कावेरीकाकू म्हणाल्या, "अगं माय! लक्ष्मी माझ्याकडंच बघायलीय!"

"न्हाई, माझ्याकडं!" दारातली बाई म्हणाली. दोघींचंही खरं होतं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण काकूंनी विचारलं, "कुणी घासले हो? लय चकाकायलेत!"

"मी! माझ्या दात घासायच्या ब्रशनं!"

सगळ्या बायांनी पदर तोंडाला लावला.

आई उठली. "मुडद्या, उष्ट्या ब्रशनं लक्ष्मीचं तोंड घासलंस?"

"आई, जुना होता गं..."

"मग तर लयच उष्टा!"

दूध झालं, गोमूत्र झालं, गोदावरीचं पाणी झालं. त्यात माझे आयलायनरचे डोळेही वाहून गेले, आणि आईला दुसरी चोरीही कळली. ती पदरानं स्वतःचे डोळे पुसायला लागली, तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बायकोनं पिठाचे हात पुसले, काजळाची डबी घेतली, आणि दोन मिनिटांत सरळ, सुंदर डोळे काढले. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सूनबाईमुळं बसत्यात इथं लक्ष्म्या," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "दरसाली नवा ब्रश आणायचा. आधी देवीचं तोंड. मग तो तू वापर."

"मी? घासलेला?"

"देवीचं उष्टं म्हंजी परसाद."

तेव्हापासून घरात बाकी सगळ्यांना कोरे ब्रश मिळतात. देवीचा जुना वापरणारा मी एकटाच!