कानांचं सांगितलं नाही

आम्रपाली ओव्हाळ खराडीतल्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांचे फोन घ्यायची. माणूस चिडणार, हे तिला त्याच्या आवाजावरून आधीच कळायचं. २००८ साली, चौतिसाव्या वर्षी, तिच्या अंडाशयात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "या औषधाने ऐकू येणं कमी होऊ शकतं. जरा काही वाटलं तर सांगा, औषध बदलता येईल."

दुसऱ्या केमोनंतर कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती थांबेचना. मग मोबाइलची रिंग ऐकू येईना. आम्रपाली गप्प राहिली. रक्ताचे रिपोर्ट सुधारत होते. औषध बदललं आणि ते कमी पडलं तर? निकिता जेमतेम पाच वर्षांची. कान गेले तरी चालतील, आपण राहिलं पाहिजे, असं तिने ठरवून टाकलं. नवरा अभय बोलायला लागला की ती त्याच्या ओठांकडे बघायची.

एका संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. कुठेतरी धप्‌धप् होत होतं. वरच्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय, तिला वाटलं. मग तेही थांबलं. तेवढ्यात अभय आला आणि आतून निकिताचं कण्हणं ऐकून बुटांसकट बाथरूमकडे धावला. निकिता आत कडी लावून अडकली होती आणि गॅसचा गीझर चालू होता.

दाराला खांदा देत तो ओरडला, "सिलिंडर बंद कर!"

"काय?"

"सिलिंडर!"

तिला कळेना. तो मागे वळला, तिचा चेहरा त्याने पाहिला आणि स्वतःच धावत जाऊन सिलिंडर बंद केला. तिसऱ्या धक्क्याला कडी निखळली. निकिता भिंतीला टेकून बसली होती, मान कलंडलेली. खिडकीपाशी नेऊन हाका मारल्यावर ती उलटी करून रडू लागली. आम्रपालीला ते रडणं फक्त दिसत होतं.

"कधीपासून?" अभयने तिच्यासमोर येऊन विचारलं.

"दुसऱ्या केमोपासून."

दवाखान्यात निकिताला ऑक्सिजन लावला; सकाळी ती खेळू लागली. कानांची तपासणी झाल्यावर डॉक्टर आम्रपालीला म्हणाले, "सांगा म्हटलं होतं, ते उगाच नव्हे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळू."

औषध बदललं. पुढचा प्रत्येक रिपोर्ट ती भीतभीतच उघडायची. शेवटचा स्वच्छ आला. कंपनीने तिला ई-मेलच्या कामावर घेतलं.

कानात मशीन बसवल्यावर निकिताचा आवाज तिला पत्र्यासारखा वाटला. "ही आपली पोर वाटतच नाही," ती अभयला म्हणाली, आणि दुपारभर निकिताला बोलतं ठेवून ऐकत बसली.