अक्कांची भिंत झाली की…

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. भरतकाम करताना कापलेले दोरे जसे साडीला चिकटून घरी येतात, तसे हे माझ्याबरोबर येतात. रविवारी अक्कांकडून परतले की नवरा माझ्या पदरावरचा एखादा दोरा उचलतो आणि विचारतो, "आज काय झालं?" की मी सुरू!

आम्ही चौघं. अक्का क्रोशाचं विणतात. त्या विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत एकेकाळी हातमाग होता. शिवलीला अक्कलकोटकडची, ती मण्यांची तोरणं करते. माने सर भूमितीचे निवृत्त शिक्षक, ते पुठ्ठ्याची इवलीशी घरं बनवतात. मी भरतकाम करते, असं मी म्हणते. खरं तर सुई हातात धरून त्या खोलीतलं ऊन बघत बसते. दुपारी ते खिडकीतून येतं, फरशीवरून सरकत सरकत भिंतीवर चढतं, आणि माझी गाठ मारायची राहून जाते.

*

सामानाला नीट जागा हवी, हे शिवलीलाच्या सासूबाईंमुळे पटलं. तिनं पांढरे मणी स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवले होते. श्रावणी सोमवारच्या उपासाला सासूबाईंनी ते भिजत घातले. सकाळी चिमटीत दाबून पाहिले आणि सुनेला हाक मारली, "अगं, कुठल्या दुकानाचा साबुदाणा हाय ह्यो? रातभर पाण्यात हाय, मऊ व्हायचं नाव न्हाय!"

"मग तू काय म्हणालीस?" आम्ही विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, जुना असेल. परत भिजवा की!"

त्याच रविवारी ठरलं. माग गेल्यापासून अक्कांच्या खोलीतली ती भिंत रिकामीच होती. तिथं सगळ्यांचं सामान टांगायचं!

*

अक्कांचा मुलगा व्यंकटेश पुण्याला असतो. त्याचा फोन आला की अक्का स्पीकरवर टाकतात, कारण हात लोकरीत असतात.

"अम्मा, एकटी किती दिवस राहणार? घर बंद कर आणि इकडे ये."

"येते की रे," अक्का म्हणाल्या. "एक काम हातात घेतलंय. भिंत झाली की येते."

फोन बंद झाला. अक्का गेल्या की खोलीला कुलूप, आणि मग रविवारचं ऊन मी कुणाच्या घरी बघायला जाऊ?

माने सरांनी सावकाश कागद उलगडला. "घाई करून चालणार नाही," ते म्हणाले. "आधी डिझाईन!"

*

डिझाईन मोठं देखणं झालं. भोकं पाडलेला प्लायवूड, त्यात हव्या तिथं बसवायच्या खुंट्या, खाली कात्र्यांसाठी फळी. शिवलीलाला मण्यांच्या बाटल्या उन्हाच्या वाटेत हव्या होत्या, म्हणजे रंग फरशीवर पडतील. मला वरून खाली गडद होत जाणारे निळे दोरे हवे होते. अगदी खाली उजनीच्या पाण्याचा निळा. त्या कागदाभोवती बसून आम्ही चहा गार केला.

प्लायवूड बसला. अक्कांनी हात वर केला, तर बोटं जेमतेम मधल्या खुंट्यांना टेकली. सरांनी सगळी मापं स्वतःच्या उंचीनं घेतली होती!

"चूक झाली," सर म्हणाले. "सगळं काढावं लागेल."

स्वतःच्या चुकीवर इतका खूश झालेला गणिताचा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

*

मग सुताच्या कोनांची, म्हणजे शंकूसारख्या रिळांची गंमत. अक्कांनी जुने कोन ओळीनं लावले आणि प्रत्येकाचं टोक प्लायवूडला लावलेल्या एकेका कडीतून बाहेर काढलं. शिवलीलानं लाल दोरा ओढला. थोडा लाल आला, मग पिवळा आला, मग हिरवा, मग जांभळा!

"अय्यो अक्का, हे काय?"

अक्कांनी सगळे रंग एकमेकांना सांधून ठेवले होते, आणि गाठी इतक्या बारीक की बोटांना लागू नयेत.

"माग रिकामा ठेवत नाहीत की," अक्का म्हणाल्या. "जुना ताणा, ते उभे दोरे, संपायला आला की त्याच्याच टोकांना नवा ताणा सांधायचा. हात आपोआप तसाच चालला, काय करू?"

ते सोडवण्यात कित्येक रविवार गेले. कुणालाही घाई नव्हती. फरशीभर रंग पसरायचे, मधेच कुणीतरी पेंगायचं, बाहेर शेजारच्या यंत्रमागाची खटखट चाललेली असायची. कधीतरी अक्का सोडवलेल्याच गाठी परत मारताना दिसायच्या. आम्ही बघितलं नाही असं दाखवायचो.

*

त्यानंतर नवी पेठेतून आणलेले हूक बदलले. ते स्वतः निवडणारी शिवलीलाच म्हणाली, "मला नाही आवडत हे!" मी प्लायवूडचा रंग बदलायला लावला. सरांनी फळी दोनदा हलवली. पण शेवटी काढायला दोष उरला नाही. भिंत झाली.

*

व्यंकटेश गाडी घेऊन आला. अक्कांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. आम्ही तिघं सतरंजीवर बसलो होतो, आणि मला तर रडूच येत होतं.

तो भिंतीसमोर उभा राहिला. ऊन नेमकं बाटल्यांवर आलं होतं, त्याच्या शर्टवर रंग पडले होते. त्यानं एका कडीतला हिरवा दोरा हळूच ओढला. हिरव्यामागून केशरी आला, केशरीमागून पांढरा. अक्कांनी सगळं परत सांधलं होतं! तो दोरा बोटाला गुंडाळत त्यानं रंगांमधली बारीक गाठ अंगठ्यानं चाचपून पाहिली.

मग त्यानं सरांची पाणसळ उचलली, ती बुडबुड्याची नळी, आणि फळीवर ठेवली. मी उठून अगदी शेजारी आले होते. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधोमध येऊन थांबला.

अक्का चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "झाली की रे भिंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निघायचं?"

व्यंकटेशनं पाणसळ उचलून पाठीमागे धरली.

"वाकडी आहे, अम्मा," तो म्हणाला. "सगळी काढून परत लावावी लागेल."