सात वेळा मिटलेली पोकळी

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या गोष्टींवर हसणारा माणूस आहे. हे लिहितोय ते घाबरून नाही, संतापून.

मी कुवेतमध्ये, मीना अब्दुल्लाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये सिम्युलेशनचं काम करतो. कार्बनचे अणूइतके पातळ थर एकावर एक, आणि मध्ये काही नॅनोमीटरची पोकळी... पोळी फुगावी तशी. ती टिकते की थर एकमेकांना चिकटून बसतात, हे कॉम्प्युटरवर बघायचं. टिकली तर तिच्यात गॅस साठवता येईल, म्हणून कंपनी मागे लागलेली.

माझी ज्युनिअर रुबीना, मूळची श्रीवर्धनची. तिची पोकळी टिकली. साहेबांनी मला पडताळणी करायला सांगितली. तीच फाइल, तेच मशीन, सुरुवातीचे आकडेही तेच — म्हणजे उत्तर तेच यायला हवं. सात वेळा चालवलं. सातही वेळा पोकळी मिटली.

"दादा, आईशपथ, मी एक आकडासुद्धा बदललेला नाही," रुबीना म्हणाली.

"लड़की झूठी है," म्हणत साहेबांनी माझ्यापुढे रिपोर्ट सरकवला. तिचा निकाल बनावट आहे, असा. मी सही केली. रुबीनाची नोकरी गेली, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द झाला, आठवड्यात तिने खैतान भागातली भाड्याची खोली रिकामी केली.

पुढच्या रविवारी (इथे तो कामाचा दिवस), सकाळी अकराला, तिच्या फायली पुसण्याआधी मी सहज एकदा चालवून बघितलं. पोकळी उघडी. पुन्हा चालवलं... उघडीच! मग माझे जुने सात निकाल काढले. सातही ठिकाणी उघडी. फायलींवरच्या तारखा जुन्याच. आणि मी सही केलेल्या रिपोर्टला जोडलेल्या प्रिंटवर? मिटलेली.

आयटीवाल्याने दोन दिवस सगळं तपासलं. "किसी ने हाथ नहीं लगाया," एवढंच म्हणाला.

साहेबांना दाखवलं. या माणसाला तिची साधी आठवणसुद्धा झाली नाही हो! "बढ़िया! अपने नाम से पेपर भेज दो."

माझं डोकंच फिरलं. तोंडावर नकार दिला, बाहेर येऊन रुबीनाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"दादा, माझं खरं वाटायला तुम्हाला मशीनच लागलं ना?"

मिटलेली पोकळी उघडली कशी, मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर सांगा. सही का केली, ते मात्र पक्कं माहीत आहे — माझाही इकामा त्याच माणसाच्या हातात होता.