युब्लिना बाईंचे शेजारी

युब्लिनाला कुणी विचारलं, "लग्न झालं का?" की ती म्हणायची, "अजून नाही." तेव्हा तिला चौपन्नावं लागलं होतं, पुढचे दोन दात पडले होते आणि उठता-बसता गुडघे कुरकुरत होते. तरी विचारणारा हसायचा नाही. इंडोनेशियाच्या टोकाला असलेल्या आमच्या रोटे बेटावर यात हसण्यासारखं काही नाहीच. इथे समोरच्याच्या तोंडावर "नाही" म्हणायचं नसतं. सकाळपासून पोटात कण नसला तरी "जेवलीस का?" याला उत्तर "अजून नाही." वीस वर्षांत पाळणा हलला नाही, तरी "मुलंबाळं?" याला उत्तर "अजून नाही." सरळ "नाही" म्हटलं की दार लावून घेतल्यासारखं होतं. हे वळण आम्हाला आईच्या मांडीवर असल्यापासून लागतं. आता त्या वळणाचा मला संताप येतो. का, ते सांगते.

युब्लिना गावच्या शाळेत पाचवीला शिकवायची. मी तिची शेजारीण, ओर्पा. माझा नवरा ताडावर चढून नीरा उतरवतो आणि मी ती आटवून काकवी करते. शाळेशी माझा संबंध एवढाच की दर वर्षी पावसाआधीच्या अवसेला ती माझा हंडा मागायला यायची.

"ओर्पा, आज हंडा दे. मुलांना विश्व दाखवायचंय."

"माझ्या हंड्यात? आणि काकवी करपली तर काय विश्व चाटू?"

ती ऐकायची थोडीच! संध्याकाळी सगळी पाचवी माझ्या चुलीभोवती. युब्लिना उकळत्या नीरेत पळी घालून गरगर फिरवायची आणि काढून घ्यायची. फेस वळसे घेत फिरत राहायचा.

"ही आपली दीर्घिका," ती सांगायची. "हा एकेक बुडबुडा म्हणजे एकेक सूर्य समजा. यात आपण कुठे?"

कुणीतरी हमखास मधोमध बोट दाखवायचं.

"मध्ये? मोठे राजे लागून गेलात! आपण इथे, कडेकडेला, ह्या एवढ्याशा बुडबुड्यापाशी."

अंधार पडला की सगळी वरात किनाऱ्यावर. समुद्रशेवाळ वाळवायच्या चटयांवर मुलांनी उताणं पडायचं. आधी पश्चिमेला टेकणारा आकाशगंगेचा पट्टा. "हंड्यात वरून पाहिलंत ना? आता हंड्याच्या आतून बघताय," युब्लिना म्हणायची. मग दक्षिणेला, समुद्रावर, दोन पांढुरके डाग.

"ढग आहेत, बाई."

"ढग असते तर हलले नसते? एवढा वारा सुटलाय, ओर्पाच्या डोक्यावरचा रुमाल उडायची वेळ आलीय, आणि ते बघा, जागचे हलत नाहीत. हे आपले शेजारी, आपल्याजवळच्या दुसऱ्या दोन दीर्घिका. त्यांची आपली वेगळी गावं, वेगळे सूर्य. धाकटा म्हणजे आपलं पलीकडचं न्दाओ बेट समजा, आणि तो खाली नुकता वर येतोय तो मोठा म्हणजे साबू बेट. आता उत्तरेला वळा. तो पुसट डाग दिसतो? ती देवयानी दीर्घिका. ते आपलं टिमोर बेट. आपल्यापेक्षा मोठं, लांब, आणि आपल्याकडेच येतंय."

"आपटणार, बाई?"

"आपटेल बाबा. पण त्याला अब्जावधी वर्षं आहेत. तोवर तुझा गृहपाठ होईल का रे, युनुस?"

"अजून नाही, बाई."

सगळी पाचवी खो खो हसायची. मीही. खरं सांगायचं तर मला यातलं अर्धंच कळायचं, पण मी दर वर्षी जायची. हंड्याची काळजी म्हणून, असं नवऱ्याला सांगायची.

आमच्याच गावातल्या नाहोरची मुलगी फिना पाचवीत आली त्या वर्षी ती चटईवरून उठेचना. बाकीची पोरं घरी पळाली, ही तशीच पडून. मग म्हणाली, "बाई, तिकडच्यांना आपण दिसतो का?"

"दिसत असू की. ढगासारखे."

"मग तेही आपल्याला शेजारीच म्हणत असतील."

युब्लिनाने त्या दिवसापासून त्या पोरीला जीव लावला. शाळा सुटली की फिना तिच्या ओट्यावर. सहावी गेली, आठवी गेली, तरी दर वर्षी त्या अवसेला लहान मुलांना चटयांवर झोपवायला फिना हजर. पळी फिरवायलाही तीच. युब्लिनापेक्षा वळसे बरे पडायचे तिचे. एकदा युब्लिना मला म्हणाली, "गुडघे आता किनाऱ्यापर्यंत नेतात, पुढे नेणार नाहीत. फिनाला मी शिक्षिका करणार. माझ्यामागे ही संध्याकाळ तिची." पोटचं मूल नसलेल्या बाईने एवढी एकच गोष्ट मागितली होती. फार नव्हती.

पाऊस हटेना आणि किनाऱ्यावर वाळत घातलेलं, विकायचं शेवाळ कुजलं, त्या वर्षी टिमोरातल्या कुपांग शहरातून एक माणूस आला. पायात चकचकीत बूट, हातात सुपारी-पानाचं तबक, जसं मुलगी मागायला आणतात तसं. गावातल्या पोरींना मलेशियात घरकामाला न्यायचा. नाहोरच्या ओट्यावर बसला, तबक पुढे केलं. नाहोरने सुपारी तोंडात टाकली. नाही टाकली तर पाहुण्याचा अपमान.

"मुलीला पाठवता का?"

नाहोरला पाठवायचं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. तो म्हणाला, "अजून नाही. लहान आहे."

"हरकत नाही," म्हणत तो माणूस गेला आणि पुढच्या महिन्यात परत हजर. "झाली का मोठी?" असल्या माणसाला हेच हवं असतं. तिसऱ्या खेपेला त्याच्याजवळच्या कागदांवर फिना पुरती सज्ञान झाली होती. घरी अजून ती माझ्या चुलीपाशी बसून बोटाने काकवी चाटत होती.

मी नाहोरवर खवळले. "तोंडाने 'नाही' फुटलं नाही तुझ्या? जीभ झडली असती?"

"त्याची सुपारी खाल्ली होती ना मी, वहिनी," तो म्हणाला.

युब्लिनाही भांडली, सरपंचाकडे गेली, पाद्रींकडे गेली. सगळ्यांनी तिचं नीट ऐकून घेतलं. बघू म्हणाले. बोट सुटायच्या दिवशी ती धक्क्यावर फिनाचा हात धरून उभी होती.

"तिथून शेजारी जरा खाली दिसतील, पण दिसतील. संध्याकाळी बाहेर यायचं, दक्षिणेला तोंड करायचं. मी इथून बघेन, तू तिथून बघ. म्हणजे भेटल्यासारखं."

"हो, बाई."

फोन लागतो तो फक्त चर्चमागच्या टेकाडावर. मालकीण महिन्यातून एखाद्या रविवारी फिनाला बोलू द्यायची, आणि फिनाने तिला वडिलांच्या नंबराआधी बाईंचा नंबर दिला होता. युब्लिना प्रार्थना संपते न संपते तोच टेकाडावर जाऊन बसायची. कसं आहे, खातेस का, एवढं झालं की पुढचा प्रश्न ठरलेला.

"शेजारी दिसले का ग?"

"अजून नाही, बाई."

"शहरात उजेड फार असतो. गच्चीवर जाऊन बघ."

"बरं, बाई."

पुढल्या खेपेला पुन्हा तेच. "दिसले?" "अजून नाही, बाई." युब्लिना त्यावरही तोडगा काढायची. तिकडे पावसाळा असेल. धूर असेल. इमारत आड येत असेल. मी चिडवायची, "तुझे शेजारी तिकडचं बिऱ्हाड सोडून गेले वाटतं!" तर फणकाऱ्याने म्हणायची, "शोधतेय ती अजून. चिकाटीची आहे माझी पोर." टेकाडावरून उतरताना तिचे गुडघेही दुखत नसत.

मग फोन यायचे थांबले. आणि एका सकाळी कुपांगच्या बोटीतून पेटी आली. खिळे ठोकलेली. फिना त्यात होती. ताप आला होता म्हणाले.

पेटीबरोबर येसिंता नावाची बाई आली होती, टिमोरातल्या सोएची. फिना काम करायची त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर कामाला होती, आणि आता कायमची घरी परतत होती. आम्ही रडून दमलो तेव्हा ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. युब्लिना समोर. येसिंता हंड्याकडे बघत बोलली.

"फ्लॅटला बाहेरून कुलूप असायचं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या खिडकीच्या वर, आणि दोन्ही इमारतीच्या आतल्या पोकळीत उघडायच्या. वर पत्रा. तिथून हाका मारायची मला. 'ताई, आज बाजाराला गेलीस का? दोन ढग दिसले का ग तुला?' मला कुठले ढग, काही कळायचं नाही. मी म्हणायची, 'अजून नाही.' तापातही तेच विचारत होती. डॉक्टर कुणी आणलाच नाही."

"आणि ती स्वतः बाहेर कधी जायची?" युब्लिनाने विचारलं.

"आली त्या दिवशी आत गेली. त्यानंतर कशी जाणार, बाई?"

"मग मला फोनवर का नाही बोलली?"

"मालकीण शेजारी बसायची. घरच्या बोलीत बोलायची बंदी होती."

युब्लिना रडली नाही. चुलीतून बाहेर आलेलं लाकूड तिने आत सारलं. मग मला म्हणाली, "तिने सांगितलं होतं, ओर्पा. दर वेळी सांगितलं होतं. आणि मी तिला गच्चीवर जा म्हणत होते."

"तुला कसं कळणार होतं?"

"माझ्याशिवाय कुणाला कळायला हवं होतं?"

मी हंडा चुलीवरून उतरवला.

पुढच्या वर्षी अवस आली तेव्हा मला वाटलं ती येणार नाही. आली. हंडा मागितला नाही, नुसती दारात उभी राहिली. मीच हंडा काढला. त्या वर्षी पाचवीत नेल्ची होती, फिनाची धाकटी बहीण. युब्लिनाने पळी फिरवली, वळसे दाखवले, पण राजे-बिजे काही म्हणाली नाही. किनाऱ्यावर गेलो तर टेकड्यांवर शेतं जाळली होती, आणि सगळा धूर समुद्रावर उतरला होता. दक्षिणेला या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी. एक तारा नाही.

तरी तिने हात वर केला. "तिकडे आपले शेजारी. दिसले का?"

"अजून नाही, बाई," सगळे एका सुरात म्हणाले. नेहमीसारखंच.

युब्लिना खाली बसली, गुडघ्यांवर, वाळूत. नेल्चीचा खांदा धरला.

"दिसत नसेल तर 'नाही' म्हण."

नेल्ची माझ्याकडे बघायला लागली.

"तिच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. दिसत नाही ना? मग म्हण, 'नाही.' मी रागावणार नाही. कुणी रागावणार नाही. एकदा म्हण, बाळ."

पोरीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बाकीची मुलं चटयांवर उठून बसली होती. मी म्हटलं, "युब्लिना, सोड तिला, घाबरलीय ती." तिने ऐकलं नाही. तिचा आवाज फाटला होता.

"म्हण, नेल्ची. माझ्यासाठी म्हण. नाही. एवढंच."

नेल्चीने डोळे घट्ट मिटून घेतले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बाईंना बरं वाटावं म्हणून काय म्हणायचं, ते तिने आपल्या परीने शोधून काढलं.

"दिसले, बाई," ती म्हणाली. "दोन्ही दिसले."